कोगिलमला डर्बन दाखवणे

धनसेगरन सिंगारम, म्हणजे आमचे धनाअण्णा, यांनी पस्तीस वर्षं चॅट्सवर्थ ते डर्बन बस हाकली होती. त्यामुळे डर्बन त्यांना पाठ आहे, याबद्दल आमच्या गल्लीत, देवळाच्या कमिटीत किंवा बाजारात कोणाचंही दुमत नव्हतं. दुमत निघालं ते त्यांच्या घरातच, आणि तेही पाहुण्यांसमोर.

१९९८ सालचा जून संपत आला होता. त्यांच्या बायकोच्या, कोगिलमच्या, बहिणीची मुलगी रोशनी नवऱ्याला घेऊन जोहान्सबर्गहून आली होती. नवऱ्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याने वही काढली आणि विचारलं, "काका, दोन दिवसांत काय काय बघून होईल?"

हा प्रश्न कोणी विचारला की धनाअण्णांची पाठ आपोआप ताठ व्हायची. "लिहून घ्या," ते म्हणाले. "मत्स्यालयात जा, पण शार्कला खायला घालतात त्या वेळेला जा. बंदराच्या तोंडाशी उभे राहा. जहाज आत शिरताना वाटतं, अख्खी इमारत चालत आली. बागेत ऑर्किडचं काचघर आहे. माकडं आहेत, पिशवी पोटाशी धरा. किनाऱ्यावर शिंगांचा टोप घातलेले रिक्षावाले दिसतील. फोटो काढा, पण आत बसू नका. ते मध्येच उडी मारतात आणि तुमचे पाय आभाळाकडे जातात."

असं वीस मिनिटं चाललं. मग स्वयंपाकघरातून कोगिलमचा आवाज आला.

"सगळं बरोबर सांगतायत हो. फक्त आत काय आहे ते विचारू नका. हे आत कधी गेलेच नाहीत. दारावरून बस नेली, एवढंच."

रोशनीने हसू दाबलं. तिच्या नवऱ्याचं पेन थांबलं. धनाअण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. अपमान झाल्यावर माणसाला काहीतरी करावं लागतं.

आता यात आपली काही चूक नाही, असं धनाअण्णांचं प्रामाणिक मत होतं. साठ-सत्तरच्या सुमाराला रविवार म्हणजे लगूनच्या जादा गाड्यांचा दिवस. उमगेनी नदी समुद्राला मिळते ते ब्लू लगून. आम्हा भारतीयांची हक्काची जागा. सकाळी सातला बस भरायची ती माणसांनी कमी आणि पातेल्यांनी जास्त. चटया, पत्ते, गळ, वळणावर ओकणारी पोरं, मांडीवर रेडिओ घेतलेले म्हातारे. किनाऱ्याचे तेव्हा वाटे पडले होते. गोऱ्यांचा लांबलचक, आमचा चिंचोळा, झुलूंचा त्याहून चिंचोळा, आणि तशा पाट्याही रोवल्या होत्या. लाटांना तेवढं कोणी कळवलं नव्हतं. धनाअण्णा माणसं उतरवायचे, बस वळवायचे आणि पुढच्या खेपेला निघायचे. संध्याकाळी तीच माणसं उन्हात भाजून, केसांत वाळू घेऊन परत चढायची. धनाअण्णांच्या वाट्याला वाळू यायची ती सोमवारी बस झाडताना.

कोगिलम कपड्यांच्या कारखान्यात सहा दिवस कॉलरी शिवायची आणि सातव्या दिवशी घर धुवायची. पुढे पाट्या निघाल्या, कारखाना बंद झाला, धनाअण्णांनाही निरोपाचा हार आणि पितळी बटणांचा निळा कोट मिळाला. तरी "जाऊ एकदा" म्हणता म्हणता पाच वर्षं गेली.

पाहुणे गेल्यावर धनाअण्णांनी जाहीर केलं, "जुलैचा दुसरा रविवार. तू आणि मी. अख्खं डर्बन बघायचं. आतून."

"दोघंच?" कोगिलमने विचारलं.

"दोघंच."

"बघू," ती म्हणाली. पण त्या दुपारी तिने कपाटातून मोरपंखी साडी काढून उन्हात टाकली, हे धनाअण्णांनी पाहिलं. ते मनातून इतके खूश झाले, की हे सगळं ठरवताना आपण जरा मोठ्याने बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सरकारने आम्हाला शहरातून उचलून चॅट्सवर्थला आणून ठेवलं, तेव्हा घरं जोडीजोडीने बांधली आणि दोन घरांत एकच भिंत घातली. त्यात विटा किती वाचल्या कोण जाणे, पण खासगी बोलणं म्हणून जे काही असतं ते त्या दिवसापासून आमच्याकडून गेलं. सिंगारमांच्या भिंतीपलीकडे रामलखन बिसेसर राहत. साखरेच्या गोदामात हिशेबनीस होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मतं उरली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपणापाशी आले. "सिंगारम, पालिकेच्या बसने डर्बन बघणार म्हणे? या वयात? वहिनींच्या गुडघ्यांचा विचार केलात?"

"तिचे गुडघे ठणठणीत आहेत."

"आज आहेत. रविवारचं कोणी सांगावं? माझ्या भाच्याची व्हॅन आहे. तुम्ही दोघं, आम्ही दोघं. सुभागी मागच्या सीटवर निमूट बसेल."

सुभागीबाई आयुष्यात कुठेच निमूट बसल्या नव्हत्या, पण हे त्यांच्या नवऱ्याला तोंडावर कसं सांगायचं? धनाअण्णा 'बरं' म्हणाले. तिथेच चुकलं.

व्हॅनमध्ये चौदा जागा. चौघंच जाणार आणि दहा जागा रिकाम्या, हे गल्लीला बघवेना. समोरच्या झुबेदा वावडा मंगळवारी समोसे घेऊन आल्या आणि जाताना पाच जागा घेऊन गेल्या. एक त्यांची, एक नणंदेची, तीन नणंदेच्या मुलांच्या. बुधवारी देवळाच्या कमिटीला कळलं. कमिटीचं म्हणणं असं, की धनाअण्णा कमिटीचे खजिनदार, तेव्हा ते जिथे जातील तिथे कमिटीने जायला हवं. शुक्रवारी बिसेसरांनी यादी वाचून दाखवली तेव्हा नावं बत्तीस झाली होती, आणि त्यातल्या चौघांना धनाअण्णा ओळखतही नव्हते.

"आता व्हॅन पुरणार नाही," बिसेसर समाधानाने म्हणाले. "आता बसच हवी."

बस हा शब्द ऐकल्यावर धनाअण्णांचं डोकं फिरलं, असं कोगिलम पुढे सांगायची. कारण त्या क्षणी त्यांना 'मोर' आठवला.

मोर म्हणजे त्यांची शेवटची बस. तिच्या कपाळावर मालकाने मुरुगन देवाचं वाहन म्हणून मोर रंगवून घेतला होता, म्हणून साऱ्या चॅट्सवर्थमध्ये ती मोर. मालक वारला, कंपनी मिटली, आणि मोर एका पेट्रोल पंपामागे उभा राहून गेला. धनाअण्णा बघायला गेले तेव्हा त्यात कोंबड्या राहत होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिने धनाअण्णांकडे असं पाहिलं, की जणू तेच विनातिकीट चढले होते.

पण चावी फिरवल्यावर चौथ्या खेपेला इंजिन खोकलं. तो खोकला धनाअण्णांच्या ओळखीचा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूरही बराच होता.

पुढचा आठवडा कोंबड्या हलवणं, सीटा धुणं आणि चाकं बदलणं यात गेला. ती सगळी कामं जमली. अडलं ते कागदावर. धनाअण्णांचा प्रवासी वाहतुकीचा परवाना पाच वर्षांपूर्वीच संपला होता. सरकारी कचेरीत तीन तास रांगेत उभं राहिल्यावर ते श्रीमती न्टोंबेला यांच्या खिडकीशी पोचले. बाई शांत होत्या, चष्म्यावरून बघत होत्या आणि त्यांच्यापुढे चार पानी अर्ज होता.

"बाबा, प्रवास कशासाठी? धंदा, शाळा, धर्मकार्य की अंत्ययात्रा?"

"बायकोला डर्बन दाखवायचंय."

त्यांनी पान उलटलं. "असा रकाना नाही."

"मग धर्मकार्य लिहा."

"बायको कुठली?"

"चॅट्सवर्थची."

"मग तिने डर्बन बघितलं नाही?"

 मागची रांग कान देऊन ऐकत होती. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "माझ्या नवऱ्यानेही कधी दाखवलं नाही, आणि आता तो वारला."

श्रीमती न्टोंबेलांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा बाबा, गाडीची तपासणी मी उद्याच लावून देते. पण तुमच्या परवान्याला डॉक्टरचा दाखला लागेल, डोळ्यांची परीक्षा लागेल, सहा आठवडे लागतील. रविवारी गाडी न्यायची तर दुसरा ड्रायव्हर आणा."

"मोरावर दुसरा ड्रायव्हर?"

"मोर कोण?" बाईंनी विचारलं. धनाअण्णांनी सांगायला तोंड उघडलं, पण रांगेने त्यांना पुढे ढकललं.

दुसरा ड्रायव्हर म्हणजे डुमाकुडे गुमेडे. वीस वर्षांपूर्वी तो मोरावर तिकिटं फाडायचा आणि बस चालवायला धनाअण्णांकडेच शिकला होता. आता पन्नाशीला टेकलेला, शाळेच्या बसवर होता. त्याने लगेच हो म्हटलं. "बाबा, तुम्ही आरामात बसा. एकदा तरी प्रवासी होऊन बघा."

हे वाक्य धनाअण्णांना लागलं. पण दिवस उरले नव्हते.

या सगळ्या गडबडीत जेवणाचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बत्तीस माणसांत चांगली बिर्याणी एकट्या कोगिलमला यायची. शनिवारी सकाळपासून ती कांदे कापत होती. मटण झुबेदाबाईंच्या खाटकाकडूनच आलं पाहिजे, हे ठरलं. बिसेसर रविवारी मटण खात नाहीत, त्यांना मसुराची वेगळी. कमिटीच्या अध्यक्षांना पोटाचा त्रास, त्यांना बिनतिखटाची आणखी वेगळी. दुपारपर्यंत तीन पातेली झाली. बायका दारात येऊन वास घ्यायच्या, "वा कोगी!" म्हणायच्या आणि जायच्या.

संध्याकाळी धनाअण्णा कोटाची बटणं घासत आत आले. "कसं वाटतंय? उद्या मजा आहे ना?"

कोगिलमने वर पाहिलं नाही. "दोघंच म्हणाला होतात," ती म्हणाली आणि बटाटे सोलू लागली.

धनाअण्णांनी आणखी एक बटण घासलं. ते आधीच चकचकीत होतं.

रविवारी आठ वाजता मोर निघाला. म्हणजे निघायचं ठरलं. प्रत्यक्षात तो ढकलावा लागला. कमिटीने ढकलला, बिसेसरांनी सूचना दिल्या. उतार लागताच इंजिन सुरू झालं आणि सगळे पळत येऊन चढले. धनाअण्णा पहिल्या सीटवर निळ्या कोटात बसले होते. त्यांच्या शेजारी कोगिलमसाठी जागा होती, पण तिथे बिनतिखटाचं पातेलं ठेवलं होतं. ते मागे गेलं तर सांडेल, असं अध्यक्षांचं म्हणणं. कोगिलम सगळ्यात मागे, उरलेली दोन पातेली दोन्ही हातांनी धरून बसली होती. अंगावर मोरपंखी साडी.

पहिल्या वळणावर धनाअण्णांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. दुसऱ्या वळणावरही. "सावकाश, इथे खड्डा असतो. हां, आता गियर. आता!"

"बाबा," गुमेडे आरशातून हसत म्हणाला, "तो खड्डा ब्याऐंशी साली बुजवला."

शहरात शिरताना मात्र धनाअण्णा उभे राहिले, एका हाताने दांडी धरली आणि बोलू लागले. ही मार्केटची इमारत, हे स्टेशन, इथे पूर्वी केवढं मोठं झाड होतं. लोक माना वळवून बघत होते. त्यांचा आवाज खुलला. हा थाट टिकला तो मत्स्यालयाशी येईपर्यंत.

ड्रायव्हरला इमारतीचा थांबा ठाऊक असतो, दार ठाऊक नसतं. त्याची कधी गरज पडलेली नसते. धनाअण्णा आत्मविश्वासाने पुढे चालले, मागे रांगेने बाकीची मंडळी, आणि इमारतीला वळसा घालून सगळे एका लोखंडी फाटकाशी आले. आत एक गडी रबरी बूट घालून, हातात माशांची बादली घेऊन उभा होता. त्याने धनाअण्णांकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग पुन्हा धनाअण्णांकडे.

"शार्कसाठी आलात?" त्याने विचारलं. "आज एवढे लागणार नाहीत."

हा विनोद बिसेसरांनी लगेच मागपर्यंत पोचवला. खरं दार सापडेपर्यंत शार्कचं जेवण आटोपलं होतं. काचेपलीकडे पोट भरलेला एक शार्क, अगदी रविवार दुपारच्या माणसासारखा, संथ फिरत होता. झुबेदाबाईंच्या नणंदेच्या धाकट्याने विचारलं, "हा झोपलाय का?" धनाअण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, "विचार करतोय."

बाहेर पडल्यावर पुढे कुठे जायचं यावरून वाद लागला. बिसेसरांना बंदर हवं होतं, बायकांना किनारा, कमिटीला जेवण. तडजोड म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यावर बस थांबवून अर्धा तास मोकळा दिला. माणसं पांगली. धनाअण्णा आणि बिसेसर मात्र बसच्या दारात उभे राहून भांडत राहिले. बंदर डावीकडून जवळ की उजवीकडून, हा प्रश्न. भांडताना धनाअण्णांना मागून समुद्राकडून शिट्टी ऐकू आल्यासारखी वाटली, लोकांची आरडाओरड वाटली, पण ते त्या वेळी डावीकडे जिंकत होते.

अर्ध्या तासाने बिसेसरांनी डोकी मोजली. हिशेबनीस माणूस. दोनदा मोजली. "बत्तीस! चला!"

मोराला पुन्हा ढकलून सगळे ब्लू लगूनला पोचले. तीच नदी, तीच वाळूची जीभ, तसेच गळ टाकून बसलेले लोक, तशाच गाड्यांच्या डिक्क्या उघडून मांडलेल्या पंगती. चटया पसरल्या. पातेली उतरली. आणि मग सगळे वाट बघत बसले.

"वाढा की," अध्यक्ष म्हणाले.

"कोगी वाढेल," सुभागीबाई म्हणाल्या. "कोगी! अगं कोगी!"

कोगी नव्हती. बसमध्ये नव्हती, झाडामागे नव्हती, नळावर नव्हती.

"अशक्य," बिसेसर म्हणाले. "मी मोजलीयत." त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा बत्तीस. मग सगळ्यांनी एकमेकांकडे नीट बघितलं, तेव्हा चटईच्या टोकाला भाजीच्या दोन पिशव्या घेऊन बसलेली एक अनोळखी म्हातारी दिसली. ती अतिशय समाधानात होती.

"तुम्ही कोण, आयाम्मा?" धनाअण्णांनी विचारलं.

"मी अंगम्मा. चॅट्सवर्थची. देवळाच्या थांब्यावर उतरते." म्हातारीने मोराकडे बोट दाखवलं. "इतक्या वर्षांनी ही बस दिसली रे बाबा! म्हटलं, परत सुरू झाली. चढले. ही अशी लांबून का जाते ते विचारणारच होते."

कोणी हसलं, कोणी "अय्यो" म्हणालं. धनाअण्णांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मोरपंखी साडी होती. शेवटची कधी पाहिली? मत्स्यालयात होती का? तिथेही ती पिशव्याच सांभाळत होती. आज सकाळपासून आपण तिच्याशी एक शब्द बोललो नाही, हे त्यांना आत्ता कळलं. तेही वाढायला कोणी नव्हतं म्हणून.

"गुमेडे, बस वळव!"

गुमेडेने चावी फिरवली. मोर खोकला नाही, कण्हलाही नाही. ढकलणारी मंडळी बिर्याणीकडे बघत होती.

"खाऊन घेऊ, मग जाऊ," बिसेसर म्हणाले. "वहिनी काय लहान आहेत?"

"तुम्ही खा," धनाअण्णा म्हणाले. "त्या अंगम्मांना आधी वाढा." आणि ते चालू लागले.

लगूनपासून किनाऱ्यावर बस थांबली होती त्या जागेपर्यंत चार किलोमीटर. बसने सहा मिनिटं. धनाअण्णा आयुष्यात तिथून चालले नव्हते. आधी रस्त्याने गेले, मग बूट टोचू लागले म्हणून वाळूत उतरले, मग बूट हातात घेतले. जुलै म्हणजे आमचा हिवाळा, वाळू गार होती. बोटांमध्ये शिरत होती. आमच्या जुन्या चिंचोळ्या पट्ट्यावरून ते गेले. पाटी होती तिथे आता कोणाच्या तरी पोरांचा क्रिकेटचा खेळ रंगला होता, आणि त्यात सगळ्या रंगांची पोरं होती. एरवी धनाअण्णा तिथे थांबून चार वाक्यं बोलले असते. आता त्यांना दम लागला होता आणि ते प्रत्येक बाईच्या साडीकडे बघत होते. एकीने ओरडून विचारलं, "काय हवंय, काका?" त्यांनी हात जोडले.

तिला काही झालं असेल का? तिच्याकडे काही नव्हतं. पिशवी बसमध्ये, चपला बसमध्ये, चष्माही. अडतीस वर्षांत ती कधी हरवली नव्हती. खरं म्हणजे घर आणि कारखाना सोडून ती कुठे गेलीच नव्हती, तर हरवणार कशी?

समुद्रात शिरलेल्या एका धक्क्याच्या पुढे गर्दी दिसली. वर समुद्रपक्षी घिरट्या घालत होते आणि दगडासारखे पाण्यात पडत होते.  किनाऱ्यावर गर्दी जमते ती दोनच कारणांनी. धनाअण्णा पळायला लागले. कोट, बूट, पितळी बटणं सगळ्यासकट.

पण कोणी बुडालं नव्हतं. तारली आली होती. दर हिवाळ्यात दक्षिणेकडून येणारा माशांचा थवा किनाऱ्याला लागला होता. होडीतून रापण, म्हणजे लांबलचक जाळं, टाकली होती आणि तिचे दोन्ही दोर वाळूवर माणसांनी धरले होते. आमचे कोळी, झुलू गडी, एक गोरा पोहण्याच्या चड्डीत, दोन शाळकरी मुली, आणि डाव्या दोराला तिसऱ्या जागी मोरपंखी साडी. पदर कमरेला खोचलेला, निऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या, टाचा वाळूत रोवलेल्या. ती ओरडत होती, "ए, थांबून ओढा! लाट जाऊ दे! आता!" आणि सगळे तिचं ऐकत होते.

कोगिलमचा बाप रापणवाला होता. हे धनाअण्णांना लग्नाच्या वेळी सांगितलं गेलं होतं. ते त्यांनी, वधूची उंची आणि शिक्षण यांच्यासारखंच, ऐकून ठेवलं होतं.

ते धापा टाकत तिच्याजवळ पोचले. "कोगी! अगं, बस गेली! तुला दिसली नाही?"

"दिसली."

"मग हात का नाही केलास?"

"हातात दोर होता," कोगिलम म्हणाली. मग त्यांच्याकडे, त्यांच्या कोटाकडे आणि हातातल्या बुटांकडे बघून म्हणाली, "उभे काय राहिलात? धरा."

धनाअण्णांनी बूट वाळूत टाकले आणि दोर धरला. पहिल्या हिसक्याला ते बसकण मारून पाण्यात बसले. कोणीतरी हसलं. कोगिलमच हसली. किती दिवसांनी हसली, हे आठवायचा ते प्रयत्न करत होते, तेवढ्यात दुसरी लाट नाकातोंडात गेली.

रापण वर आली तेव्हा वाळू चांदीची झाली. लोक बादल्या, टोप्या, चादरी घेऊन धावले. रापणवाल्यांच्या म्हाताऱ्या मुकादमाने कोगिलमला विचारलं, "कोणाची गं तू?" तिने बापाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली, बराच वेळ हलवली, आणि तिच्या पदरात दोन्ही हातांनी मासे टाकले. पदर भरला तेव्हा धनाअण्णांनी कोट काढून पसरला.

नंतर ते दोघं पायऱ्यांवर बसले. पावात भरलेला घेवड्याचा रस्सा खाल्ला, कारण बिर्याणी लगूनवर होती. ती आता संपली असणार, याचं दोघांनाही काही वाटलं नाही. कोगिलम म्हणाली, "बाबा मला त्या खडकापाशी उभं करायचे. थवा दिसला की मी शिट्टी मारायची. पोरींमध्ये मी एकटीच."

"तुला शिट्टी येते?"

तिने दोन बोटं तोंडात घातली. अर्ध्या किनाऱ्याने वळून बघितलं. धनाअण्णांनी चष्मा शोधला. तो समुद्रात गेला होता.

मोराचं म्हणाल तर तो मंगळवारपर्यंत लगूनलाच होता. मंडळी गुमेडेने बोलावलेल्या शाळेच्या बसने परतली. अंगम्माला देवळाच्या थांब्यावर उतरवलं आणि ती पुढच्या रविवारची वेळ विचारून गेली.

हे दोघं साडेचारच्या पालिकेच्या बसला उभे राहिले. ड्रायव्हर, चाळिशीचा गृहस्थ, कोटाच्या गाठोड्यातून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघून म्हणाला, "ओले मासे घेऊन चढता येत नाही."

धनाअण्णांनी वाद घातला नाही. हा नियम त्यांना तोंडपाठ होता. याच नियमाखाली त्यांनी स्वतः किती जणांना उतरवलं होतं, याची मोजदाद नव्हती. ते मागे सरकले.

"थांबा," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही सिंगारम ना? मोरावरचे? एकाहत्तर साली मला आणि माझ्या आजोबांना तुम्ही लगूनच्या थांब्यावर उतरवलं होतं. बांगडे होते. आम्ही चालत गेलो घरी."

धनाअण्णांनी मान खाली घातली. त्यांना ते आजोबा आठवत नव्हते. हेच त्यांना जास्त वाईट वाटलं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं कसलं? नियम होता." ड्रायव्हरने गाठोड्याकडे पुन्हा बघितलं. "तारली आहे?"

"ताजी."

"मग बसा. सगळ्यात मागे. खिडकी उघडी ठेवा."

कोगिलम खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर. बस निघाली. "आता सांगा," ती म्हणाली, "ती बिल्डिंग कसली?"

धनाअण्णांनी चष्म्याशिवाय डोळे बारीक केले. "ते पोस्ट. पुढे मार्केट. मग..." मग त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. पस्तीस वर्षं चालत्या बसमध्ये डोळे मिटायची ज्यांना मुभा नव्हती, ते तोंड उघडं टाकून घोरू लागले. ओल्या शर्टातून खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

चॅट्सवर्थला त्यांचा थांबा आला. ड्रायव्हरने बस थांबवली आणि आरशातून मागे पाहिलं. "मावशी, इथेच ना?"

कोगिलमने नवऱ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. संध्याकाळचं ऊन टेकडीवरच्या घरांवर पडलं होतं.

"इथून पुढे कुठवर जाते ही?" तिने विचारलं.

"शेवटच्या थांब्यापर्यंत. मग परत."

"जाऊ दे मग," ती म्हणाली. "पुढचं मी पाहिलेलं नाही."